‘पुसू नये’ लिहिलेली कॅसेट

भांडण एका गाण्यावरून झालं. २००३ चा डिसेंबर, न्यू जर्सीतलं आमचं भाड्याचं घर, मुलगी चार वर्षांची. गावच्या वाचनालयातून तिच्यासाठी ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ची डीव्हीडी आणली होती. दोन आठवडे रोज संध्याकाळी तीच. मुदत संपली, डीव्हीडी परत गेली आणि घरात रडारड झाली. पुढच्याच शनिवारी त्याच वाचनालयाच्या तळघरात जुन्या पुस्तकांची विक्री होती. तिथे पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याच रुडॉल्फची व्हीएचएस कॅसेट मिळाली. किंमत पन्नास सेंट. व्हीसीआर घरात होताच, आधीचे भाडेकरू सोडून गेले होते. मी विजयी मुद्रेने कॅसेट लावली.

दहा-पंधरा मिनिटांनी स्वयंपाकघरात तक्रार आली. “बाबा, हे गाणं चुकीचं आहे.”

लाल नाकाचं ते पाडस आणि खेळणी बनवायची सोडून दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला बुटका हर्मी बर्फातून एकत्र निघतात, तिथे एक गाणं आहे. डीव्हीडीवर वेगळं होतं, कॅसेटवर वेगळं. चालही वेगळी, चित्रंही वेगळी. माझा पहिला विचार साहजिक डोंबिवलीचा होता: माल नकली आहे. ज्याचं लहानपण एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणून, ओळीने तीन सिनेमे बघण्यात गेलं, आणि त्या सिनेमांच्या तळाशी साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती सरकताना ज्याने पाहिल्या, त्याला दुसरं काय सुचणार?

पण कॅसेट अस्सल होती. दोन्ही गाणी खरीच होती. पोरीचा कान माझ्यापेक्षा तयार निघाला, एवढंच.

झालं होतं असं. हा कार्यक्रम पहिल्यांदा ६ डिसेंबर १९६४ ला एनबीसी या वाहिनीवर लागला. रँकिन-बास ही कंपनी न्यूयॉर्कची, पण बाहुल्या कणाकणाने हलवून एकेक चित्र टिपायचं काम टोकियोत झालं, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. प्रायोजक होती जनरल इलेक्ट्रिक, आणि गोष्टीतले बुटकेच मधल्या वेळात तिची विजेची उपकरणं विकत. गोष्टीत एक बेट आहे, मोडक्या-विचित्र, कुणालाच नको असलेल्या खेळण्यांचं. रुडॉल्फ त्यांना मदतीचं वचन देतो. पहिल्या वर्षीच्या प्रसारणात मात्र शेवटी त्यांना आणायला कुणी जातच नव्हतं. लोकांनी पत्रं पाठवून तक्रारी केल्या. म्हणून १९६५ साली सांता त्या बेटावर उतरतो असं दृश्य नव्याने करून जोडलं. आता वेळ तर तेवढीच. मग जागेसाठी दुसरं दृश्य उडवलं. गाणंही त्याच खेपेला बदललं. पुढे १९९८ नंतरच्या आवृत्त्यांमध्ये जुनं गाणं परत आलं. म्हणजे मधल्या तीसेक वर्षांतली मुलं एका गाण्यावर वाढली, आणि माझी मुलगी दुसऱ्या.

उडवलेलं दृश्य कोणतं, तर युकॉन कॉर्नेलियस नावाचा एक दाढीवाला खाणशोध्या आहे, तो पिकाव हवेत फेकतो, जमिनीत रुतलेलं टोक उपसून चाटतो आणि काहीच नाही म्हणून मान हलवतो. सगळे समजतात बुवा सोनं चाखून ओळखतोय. खरं म्हणजे तो पेपरमिंटची खाण शोधत असतो, आणि शेवटी त्याला ती सापडते. ते सापडणंच कापलं गेलं. वर्षानुवर्षं लोकांनी एका माणसाला नुसता पिकाव चाटताना पाहिलं आणि हसून सोडून दिलं.

हे कळलं त्या दिवसापासून मी बिघडलो.

अमेरिकेत ज्याला ‘स्पेशल’ म्हणतात तो प्रकार थोडा दिवाळी अंकासारखा. वर्षातून एकदाच यायचा, ठरल्या दिवसांत यायचा, आणि चुकला की पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायची. फरक इतकाच की अंक दरवर्षी नवा असतो, हा मात्र तोच. साठच्या दशकात अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जाहिराती वगळून साधारण पंचवीस-सव्वीस मिनिटं मिळत. नंतर जाहिराती फुगल्या आणि कार्यक्रमाला बावीसच्या आसपास उरली. ती तीन-चार मिनिटं कुठून तरी काढायचीच. कुणी एखादं कडवं काढी, कुणी एखादी खोडी, तर कुणी सगळी फीतच नकळत जरा वेगाने पळवी. म्हणजे टीव्हीवर दिसतो तो कार्यक्रम म्हणजे कात्री लावून उरलेला. पूर्ण बघायचा तर कॅसेट नाहीतर डिस्क हवी. आणि तिथेही कोणती हा प्रश्न आहेच, कारण दर आवृत्तीमागची मूळ प्रत निराळी.

मी एक वही केली. डाव्या पानावर कार्यक्रम, उजव्या पानावर माझ्याकडे कोणती प्रत आहे आणि तिच्यात काय आहे, काय नाही. पहिल्या दोन वर्षांत थ्रिफ्ट स्टोअर (जुन्या वस्तूंची दुकानं), गराज सेल (लोक घरातलं नको असलेलं सामान दारात मांडून विकतात ते) आणि वाचनालयांच्या विक्रीतून चाळीसेक कॅसेटी झाल्या. ख्रिसमसच्या कॅसेटी जुलैत शोधाव्यात, हे मी अनुभवाने शिकलो. डिसेंबरात त्यांच्यावर लाल फीत बांधून दुकानदार तीन डॉलर सांगतो. उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यात बर्फावर घसरायच्या बुटांखाली पडलेल्या असतात.

कॅसेट हातात घेतली की आधी उलटी करायची. बाजूला एक बारीक खटका असतो, तो दाबला की पुढची झडप उघडते. आतली फीत सुरकुतलेली नाही ना बघायचं. मग काचेतून चाकाकडे तिरक्या उजेडात बघायचं. फितीच्या गुंडाळ्याच्या कडेवर पिठी साखर भुरभुरल्यासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी, कॅसेट खाली ठेवून हात धुवायचे. ती व्हीसीआरात घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. तळघरातल्या कॅसेटींना ओल्या गोणपाटासारखा वास येतो, तो नाकाशी धरला की बघायचीही गरज नाही. थ्रिफ्ट स्टोअरात कॅसेटी हुंगणारा देशी माणूस बघून लोक जरा लांबून जातात, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट वेग. तीच कॅसेट सावकाश किंवा भरभर फिरवून दोन तास किंवा सहा तास भरता येते. सहा तासांच्या वेगावर फीत कमी लागते, म्हणून स्वस्तातल्या बऱ्याच छापील, म्हणजे कंपनीने भरून विकलेल्या, कॅसेटी त्याच वेगावर भरलेल्या असत. चित्र धुरकट, रंग कडेने ओघळलेले. अशा कॅसेटी वजनालाच हलक्या लागतात, कारण आत फीतच थोडी. आता मला हातात घेऊन अंदाज येतो, कोथिंबिरीची जुडी उचलून बघावी तसा.

तिसरी गोष्ट पैसे घालवून शिकलो. ऑनलाइन एकाकडून ‘फ्रॉस्टी द स्नोमॅन’ मागवली, ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलेली. आली खरी सुरेख पांढऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पेटीत, वर हिममानव हसतोय. आत पोट कमी करायच्या व्यायामाची कॅसेट. बायको म्हणाली, “त्याने बरोबर पाठवलीय, तूच चुकीचं बघतोयस.” तिची या छंदाबद्दलची सगळी मतं या धर्तीवरची. कपाट भरल्यावर एकदा म्हणाली, “तुझ्या आईच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे होते, तुझ्याकडे ही डबडी. घराणं बदललं नाही.”

सर्वांत मोठा अपघात ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’चा. चक जोन्सचं दिग्दर्शन, १९६६ सालचं, सव्वीस मिनिटांचं. निवेदन बोरिस कार्लॉफचं. त्यातलं खलनायकाला शिव्या घालणारं गाणंही लोक बरीच वर्षं त्याचंच समजत, कारण गाणाऱ्या थर्ल रॅव्हन्सक्रॉफ्टचं नाव श्रेयनामावलीत आलंच नव्हतं. सात डॉलरला घेतलेल्या व्हीसीआरने ही कॅसेट खाल्ली. आवाज ओळखीचा, सुपारी कातरल्यासारखा, आणि मग पडद्यावर निळं. झाकण काढून बघितलं तर फीत रबरी चाकाभोवती लोकरीसारखी गुंडाळलेली.

तीन तास बसलो. कॅसेटच्या पोटाला पाच स्क्रू असतात. ते काढून वरचं कवच सरळ वर उचलायचं, तिरकं केलं की झडपेची बारीक स्प्रिंग उडते आणि गालिच्यात गडप होते. माझी गडप झालीच. म्हणून एक बिनकामाची कॅसेट हाताशी ठेवावी, तिचं कवच, तिच्या स्प्रिंगा आपल्याला. पोट कमी करणाऱ्या बाई इथे उपयोगाला आल्या. चुरगळलेली वीतभर फीत कापली आणि दोन टोकं जोडली. जोडायला खास चिकटपट्टी मिळते, तीच वापरायची. घरातली साधी लावली तर तिचा डिंक फिरत्या हेडला धरतो, आणि ते हेड मिनिटाला अठराशे फेरे घेत असतं. हेड पुसायचं मला डोंबिवलीच्या व्हिडिओवाल्याने शिकवलं होतं, स्पिरिटमध्ये भिजवलेला कागद आडवा धरायचा आणि हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवायचा, उभा कधीच नाही. तीस वर्षांपूर्वी काउंटरवर रेंगाळल्याबद्दल खाल्लेली बोलणी वसूल झाली.

त्या ग्रिंचमध्ये आता एका ठिकाणी क्षणभर उडी आहे. जोडाच्या अलीकडे कुत्रा एका जागी, पलीकडे दुसऱ्या. म्हणजे कात्री लावणाऱ्यांत मीही आलो.

डोंबिवलीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. २००५ साली भारतात जाताना पुतण्यांसाठी दोन कॅसेटी नेल्या होत्या. दादाने जपून ठेवलेला व्हीसीआर माळ्यावरून काढला, सगळं घर जमलं, आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र गिरकी घेत वर वर पळायला लागलं. अमेरिकेत टीव्हीचं चित्र पाचशे पंचवीस ओळींचं, आपलं सहाशे पंचवीसचं, हे मला, इंजिनीअरला, आठवलं नाही. दादा शांतपणे म्हणाला, “अरे, मुंग्या तर आमच्याकडेही दिसतात. त्यासाठी विमानातून कशाला आणल्यास?” पुतणे केव्हाच क्रिकेटला पळाले. त्या रात्री मला वाटत राहिलं की दूरदर्शनवर आम्ही जे बघितलं त्याची घरात कॅसेट कुणाकडेच नव्हती. ‘एक अनेक और एकता’ १९७४ चं, विजया मुळे यांनी केलेलं, भीमसेन यांच्या ॲनिमेशनचं. ते आमच्या अख्ख्या पिढीला तोंडपाठ आहे. पण त्याची कधी दोन गाणी होती का, कुठलं दृश्य कापलं का, हे विचारावं असं मला तोवर सुचलंही नव्हतं. आमच्यासाठी टीव्ही म्हणजे पाऊस, पडला तो पडला.

परत आल्यावर मी छापील कॅसेटींकडून दुसऱ्याच वाटेला लागलो. कारण वहीत एक जागा रिकामीच राहत होती. ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ ९ डिसेंबर १९६५ ला सीबीएसवर लागलं ते कोका-कोलाच्या पैशावर. बिल मेलेंडेझ यांचं दिग्दर्शन, विन्स ग्वाराल्डीचं जॅझ, खऱ्या लहान मुलांचे आवाज. काही मुलं इतकी लहान की वाचता येत नव्हतं, त्यांना एकेक वाक्य सांगून म्हणवून घेतलं. सुरुवातीला कुत्रा स्नूपी बर्फावर घसरताना चार्ली आणि लायनसला भिरकावून देतो. चार्ली झाडावर आदळतो. लायनस कुठे आदळतो? आजच्या कुठल्याही प्रतीत तो हवेत जातो आणि विषय संपतो. पहिल्या प्रसारणात तो कोका-कोलाच्या पाटीवर आदळत होता. प्रायोजक गेला, पाटी गेली, आणि लायनस साठ वर्षं हवेतच आहे.

ही पाटी माझ्याकडे येणार नव्हती, १९६५ साली घरोघरी टीव्ही रेकॉर्ड करायची सोय कुठे होती? व्हीएचएसच अमेरिकेत आलं १९७७ साली. पण नंतरच्या वर्षांतल्या प्रसारणाचं जे काही छापील कॅसेटवर येत नाही, ते घरच्या रेकॉर्डिंगवर सापडू शकतं. उदाहरणार्थ सीबीएसची ती फिरकी. सत्तर आणि ऐंशीच्या दशकात कार्यक्रमाआधी काळ्या पडद्यावर ‘स्पेशल’ हा शब्द रंगांच्या रेघा सोडत गिरक्या घेत येई, मागे ताशासारखा दणका आणि पितळी वाद्यं. इथे वाढलेल्या माझ्या वयाच्या सहकाऱ्यांना मी तोंडाने तो ठेका वाजवून दाखवला तर तिघांनी पुढचा भाग गाऊन पूर्ण केला. माझ्याकडच्या एकाही छापील प्रतीत ती फिरकी नाही. ती वाहिनीची, कार्यक्रमाची नाही.

म्हणून मी हाताने लिहिलेली लेबलं गोळा करायला लागलो. लोक या कॅसेटी कोऱ्या म्हणून पंचवीस सेंटला टाकतात. पाचांतल्या चार फुटबॉलच्या. एकात कुणाच्या मुंजीइतक्या लांब पदवीदानाचं चित्रण होतं, ते मी विक्रेत्या बाईंना परत दिलं, त्यांच्याच भाच्याचं निघालं.

मग एका उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या एका गराज सेलमध्ये खोक्याच्या तळाशी ती मिळाली. लेबलवर निळ्या बॉलपेनने, सगळी मोठी अक्षरं: ‘एक्समस ८६. डू नॉट इरेज’. खाली दोन रेघा.

घरी आणून आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवली, जुनी फीत चिकटलेली असते म्हणून. बुरशी नव्हती. ट्रॅकिंगचं बटण फिरवून मुंग्या पडद्याच्या तळाशी ढकलल्या. दोन सेकंद काळं. आणि मग ताशा वाजला. मी एकटा होतो, तरी उठून उभा राहिलो.

फिरकी अख्खी होती. मग चार्ली ब्राउन, सहा तासांच्या वेगावरचा, रंग उतरलेला. पहिल्या विश्रांतीला चित्र झटक्यात तुटलं. रेकॉर्ड करणारा माणूस जाहिराती आल्या की पॉझ दाबत होता. पण दर वेळी सेकंदभर उशिरा, त्यामुळे पहिल्या जाहिरातीचा पहिला सेकंद राहून जायचा: डॉली मॅडिसनच्या केकचं आवरण, एक चमचा, बस. परत सुरू करतानाही उशीर, म्हणून पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर नाही. मी त्याचा अंगठा बघत होतो. कधी तो नीट लक्ष देऊन बसलेला असायचा आणि तुकडा सफाईने जुळायचा. दुसऱ्या कार्यक्रमात, फ्रॉस्टीत, उशीर वाढत गेला. तिसऱ्या विश्रांतीला पॉझ दाबलंच नाही. चार जाहिराती ओळीने आल्या, अख्ख्या, मग उरलेला फ्रॉस्टी, मग पुढचा कसलासा कार्यक्रम, मग रात्रीच्या बातम्या आणि हवामान, नकाशावर चिकटवलेले ढग. फीत संपेपर्यंत. माणूस सोफ्यावर झोपला असणार.

माझ्या दृष्टीने तोच भाग सोन्याचा. जागेपणी त्याने जे टाळलं, ते झोपेत जपलं गेलं.

ही कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचं ठरवलं. छापील कॅसेटींवर प्रत काढू नये म्हणून संकेत भरलेला असतो, त्यांची प्रत काढायला गेलं की चित्र काळवंडतं, उजळतं, पुन्हा काळवंडतं. त्या मी काढत नाही. घरच्या रेकॉर्डिंगला ती अडचण नाही, पण जुनी फीत लटपटते आणि संगणकाला लटपटणं सहन होत नाही, तो चित्रं गाळतो. वीस डॉलरचं डबडं लावून पहिल्या खेपेला आवाज ओठांच्या पुढे पळाला. शेवटी व्हीसीआर आणि संगणकाच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता वाटेत बसवला. त्यातून जाताना चित्र सरळ होतं. पिवळी, लाल, पांढरी अशा सहा वायरी, जेवणाच्या टेबलावर दोन दिवस. आम्ही पोळी-भाजी मांडीवर घेऊन जेवलो.

आता हे सगळं कशाला, असं मुलगीच विचारते. ती पंचविशी ओलांडून बसलीय. फोनवर सगळं आहे म्हणते. २०२० साली स्नूपीच्या स्पेशल्सचे हक्क ॲपलकडे गेले आणि दरवर्षी फुकट लागणारी गोष्ट त्या वर्षी आधी वाहिनीवरून नाहीशी झाली, मग लोकांच्या ओरड्यानंतर पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आली. तेव्हा तिनेच फोन केला होता, “बाबा, आपल्याकडे आहे ना?” त्याच वर्षी नोव्हेंबरात रुडॉल्फ आणि सांता यांच्या चित्रीकरणातल्या मूळ बाहुल्या लिलावात तीन लाख अडुसष्ट हजार डॉलरला गेल्या. लाकूड, तार, कापड, चामडं. काम संपल्यावर कंपनीतल्या एका बाईंनी त्या घरी नेल्या आणि कुटुंबाने वर्षानुवर्षं ख्रिसमसच्या झाडाखाली मांडल्या. आता त्या अटलांटाच्या बाहुलीनाट्याच्या संग्रहालयात आहेत. मी बायकोला रक्कम सांगितली. तिने माझ्या कपाटाकडे बघून विचारलं, “आणि हे सगळं मिळून?” मी विषय बदलला.

रुडॉल्फची ब्लू-रे घेतल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शीर्षकावर थांबवणं. व्हीएचएसवर थांबवलं की चित्र थरथरतं, वाचता येत नाही. इथे स्वच्छ दिसलं: रोमन अंकांतलं साल. त्यात एक ‘एम’ राहून गेलाय. १९६४ च्या जागी ११६४. कुणाच्या तरी हातून चुकलं आणि इतक्या आवृत्त्यांतून तसंच आलं. इतकी दृश्यं कापली, गाणी बदलली, त्या ‘एम’ला कुणी हात लावला नाही. ती पन्नास सेंटची पहिली कॅसेट काढून पुन्हा लावली. थरथरत का होईना, तिथेही एकच ‘एम’.

परवा कपाट आवरताना ती ८६ ची कॅसेट हातात आली. कॅसेटच्या मागच्या कडेला एक प्लॅस्टिकची टिकली असते. ती तोडली की व्हीसीआर त्यावर दुसरं काही भरू देत नाही. डू नॉट इरेज, खाली दोन रेघा, आणि टिकली शाबूत. चाळीस वर्षं कुणाच्याही हातून त्यावर फुटबॉलचा सामना भरला गेला असता.

स्क्रू ड्रायव्हर टेबलावरच होता. टक असा आवाज आला. टिकली उडून गालिच्यात गेली, जिथे ग्रिंचची स्प्रिंग आहे.